टेकडीवरचं ‘नाइस’

इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या डोक्याशी बीचन क्लिफ नावाची टेकडी आहे. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात तिघं जण या टेकडीवर फिरायला निघतात: 17 वर्षांची कॅथरीन मोर्लंड, तिला पहिल्या भेटीपासून आवडलेला हेन्री टिल्नी आणि हेन्रीची बहीण एलिनर. वाटेत पुस्तकांचा विषय निघतो. आपल्या लाडक्या पुस्तकाबद्दल बोलताना कॅथरीनच्या तोंडून ‘नाइसेस्ट’ हा शब्द जातो आणि हेन्री त्या शब्दाला पकडून बसतो.

घटना एवढीच. कुणी कड्यावरून पडत नाही, कुणी कुणाला मागणी घालत नाही. पण ‘नाइस’ या विशेषणाची एवढी गोड हजेरी दुसऱ्या कुणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही. शिवाय हजेरी घेणाराही शेवटी तिच्यातून सुटत नाही. म्हणून हा प्रसंग जरा सावकाश वाचायचा.

ऑस्टेननं ही कादंबरी लिहिली तेव्हा ती तेविशी-चोविशीत होती आणि अठरावं शतक संपत आलं होतं. 1803 साली ‘सूझन’ या नावाचं हे हस्तलिखित लंडनच्या एका प्रकाशकानं 10 पौंडांना घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. 1816 मध्ये तेवढेच 10 पौंड मोजून ते परत मिळवावं लागलं. 18 जुलै 1817 रोजी ऑस्टेन गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही कादंबरी ‘पर्सुएजन’ या कादंबरीबरोबर चार खंडांच्या संचात बाहेर पडली. आतल्या पानावर साल होतं 1818. एका शब्दाची चेष्टा छापून यायला अशी जवळजवळ वीस वर्षं गेली. माझ्याकडची प्रत फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलेली, साध्या कागदी वेष्टणाची. तिच्याबद्दल शेवटी.

कॅथरीनचा तो शब्द कुठून आला, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. ती खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी, दहा भावंडांमधली. बाथला ती शेजारच्या जोडप्याबरोबर हवापालटाला आली आहे आणि तिथं तिला ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या चार खंडी कादंबरीचं वेड लागलं आहे. 1794 सालच्या या कादंबरीत पडका किल्ला आहे, काळा पडदा आहे, रात्रीबेरात्री येणारे आवाज आहेत. आजूबाजूचे लोक मात्र असल्या पुस्तकांना नाकं मुरडतात. जॉन थॉर्प नावाच्या एका फुशारक्या तरुणाला तिनं भाबडेपणानं विचारलं होतं, ‘उडॉल्फो’ वाचलीत का? त्यानं कादंबऱ्यांना एका फटक्यात निकालात काढलं आणि वाचायचीच झाली तर रॅडक्लिफबाईंची वाचीन, असं वर सांगितलं. ‘उडॉल्फो’ त्याच बाईंची आहे, हे कॅथरीनला त्याला सांगावं लागलं. तोंडघशी थॉर्प पडला, तरी वरमली कॅथरीनच.

म्हणून टेकडीवर ‘उडॉल्फो’चं नाव काढताना ती जपून काढते. तुम्ही काही कादंबऱ्या वाचत नसाल, असं आधीच म्हणून टाकते. हेन्रीचं उत्तर ऐकून तिचा जीव भांड्यात पडतो. त्यानं रॅडक्लिफबाईंची सगळी पुस्तकं वाचली आहेत. ‘उडॉल्फो’ तर त्यानं दोन दिवसांत संपवली आणि ते दोन दिवस त्याच्या अंगावरचा काटा गेला नाही. एलिनर तक्रार करते, की तो ती तिला वाचून दाखवत होता, पण ती एका चिठ्ठीचं उत्तर द्यायला पाच मिनिटं उठली तर तेवढ्यात हा पुस्तक घेऊन पळाला. कॅथरीनला हायसं वाटतं. तरुण पुरुष कादंबऱ्यांना ‘अमेझिंगली’ तुच्छ मानतात असं मला वाटत होतं, असं ती मोकळेपणानं बोलून जाते.

हेन्रीचा पहिला चिमटा इथं आहे. पुरुष खरोखरच तुच्छ मानत असतील तर ते अमेझिंग, म्हणजे थक्क करणारंच म्हणायला हवं, कारण तेही जवळजवळ बायकांइतक्याच कादंबऱ्या वाचतात, असं तो म्हणतो. कॅथरीननं नुसता जोर द्यायला वापरलेल्या शब्दाला त्यानं त्याचा मूळ अर्थ परत केला. तिच्या ते लक्षातही येत नाही. पण वाचणाऱ्यानं हा चिमटा लक्षात ठेवायचा, कारण पुढं काय होणार याची ही तालीम आहे.

मग हेन्री गमतीनं आपल्या वाचनाचा मोठेपणा सांगतो. मी ऑक्सफर्डला शिकायला लागलो तेव्हा तुम्ही घरी बसून भरतकाम शिकणारी चांगली मुलगी असाल, असं म्हणतो. कॅथरीन म्हणते, फारशी चांगली नव्हतेच. आणि लगेच विचारते, की खरं सांगा, ‘उडॉल्फो’ हे जगातलं सगळ्यात नाइस पुस्तक आहे की नाही?

स्वतःवरचं ‘चांगली’ हे विशेषण ती नम्रपणे परत करते आणि दुसऱ्याच क्षणी पुस्तकावर त्याहून मोठं विशेषण उधळते. स्वतःसाठी हात आखडता आणि आवडत्या गोष्टीसाठी मूठ सैल. या एका ओळीच्या उलाढालीत ऑस्टेननं ही मुलगी पूर्ण उभी केली आहे. त्या ‘नाइसेस्ट’मध्ये पुस्तकाचं परीक्षण शोधायला जाऊ नये. तिथं आहे तो आपल्यासारखंच वेड असलेला माणूस भेटल्याचा आनंद.

हेन्री मात्र त्या आनंदाकडे काणाडोळा करतो आणि विशेषणच तपासायला घेतो. नाइसेस्ट म्हणजे सगळ्यात नीटनेटकं, असंच ना? मग ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून आहे, असं तो म्हणतो. कोटी एवढीशी आहे, पण तिच्यात दोन कामं आहेत. एक, ‘नाइस’चा जुना अर्थ तो पुढं करतो. दुसरं, पुस्तकातल्या गोष्टीवरून तो चर्चा पुठ्ठ्यावर आणि शिवणीवर आणतो. कॅथरीन आतल्या काळ्या पडद्याबद्दल बोलते आहे आणि हा बाहेरच्या कातड्याबद्दल. शब्दावर बोट ठेवणारी माणसं बऱ्याचदा असंच करतात.

आता एलिनर मध्ये पडते. भावाला ती आगाऊ म्हणते. कॅथरीनला सांगते, की हा तुमच्याशी अगदी बहिणीशी वागावं तसा वागतो आहे. माझ्या बोलण्यातही तो सारखी चूक काढत असतो. तुमचं ‘नाइसेस्ट’ त्याला रुचलेलं नाही, तेव्हा तो शब्द लवकर बदला, नाहीतर उरलेल्या वाटेवर आपल्याला जॉन्सन आणि ब्लेअर ऐकावे लागतील. जॉन्सन म्हणजे 1755 सालच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता सॅम्युअल जॉन्सन. ब्लेअर म्हणजे ह्यू ब्लेअर, ज्याची वक्तृत्व आणि साहित्यावरची व्याख्यानं 1783 मध्ये छापून आली आणि पुढं कित्येक वर्षं सुशिक्षित घरांत वाचली गेली. जॉन्सननं ‘नाइस’खाली अचूक, नाजूक, चिकित्सक अशा छटांचे अर्थ दिले आहेत. ‘छान’ त्यात नाही. कोशाच्या कोर्टात हेन्रीची बाजू भक्कम आहे.

पण एलिनरच्या बोलण्यातलं ‘बहिणीसारखं’ हे वाक्य कॅथरीनच्या कानांनी ऐकून पाहा. ज्याच्यावर जीव जडला आहे तो आपल्याला बहिणीसारखं वागवतो आहे. यात आपलेपणा आहे, आणि बारीकशी निराशासुद्धा. ऑस्टेन यावर अवाक्षर काढत नाही. कॅथरीन फक्त एवढंच म्हणते, की चुकीचं काही बोलायचं माझ्या मनात नव्हतं, पण पुस्तक नाइस आहेच, मग तसं का म्हणू नये?

या प्रश्नाला हेन्री माघार घेतल्याचा आव आणून उत्तर देतो. अगदी बरोबर, म्हणतो. आजचा दिवसही नाइस आहे, आपण नाइसपैकी फिरायला निघालो आहोत, आणि तुम्ही दोघी फारच नाइस तरुणी आहात. मोठा सोयीचा शब्द आहे, कशालाही चालतो. मुळात बहुधा तो टापटीप, औचित्य, नाजूकपणा किंवा सुसंस्कृतपणा यांच्यापुरता असावा. पेहरावात, भावनांत, निवडीत माणसं नाइस असत. आता कशाचीही स्तुती करायची झाली तरी तेवढा एकच शब्द.

टिंगल आहे, पण तिची चढण पाहण्यासारखी आहे. आधी दिवस, मग फिरणं, मग या दोघी. शब्द पोकळ आहे हे दाखवता दाखवता तो दर वेळी एक पाऊल जवळ येतो आणि शेवटी कॅथरीनच्या पुढ्यात उभा राहतो. चेष्टेच्या आडून त्यानं तिची तारीफ करून घेतली आहे. आणि ती करायला त्याला हाच पोकळ शब्द लागला. ‘तुम्ही नीटनेटक्या आहात’ असं म्हणून हे काम झालं नसतं.

शेवटचा शब्द एलिनरचा. खरं तर हे विशेषण कुठलीही स्तुती न करता तुलाच लावायला हवं, ती भावाला म्हणते, कारण तू जितका नाइस आहेस तितका शहाणा नाहीस. इथं ‘नाइस’ जुन्या अर्थानं आहे: चिकित्सक, नको तितका चोखंदळ. ज्या अर्थाचा हेन्री कैवार घेत होता, त्याच अर्थानं तिनं त्याला झोडपलं आहे. आपल्याकडे अशा माणसाला दीडशहाणा म्हणतात, आणि त्याही शब्दात शहाणपण मोजायला घेऊन जास्त भरवलेलं आहे. मग ती कॅथरीनला म्हणते, चला, याला आपल्या चुकांवर शुद्ध भाषेत चिंतन करत बसू दे, आपण आपल्याला आवडतील त्या शब्दांत ‘उडॉल्फो’ची स्तुती करू.

तीन माणसं, एकच शब्द, पण प्रत्येकाच्या तोंडी तो वेगळा. कॅथरीनचा आनंदाचा, हेन्रीचा चेष्टेचा आणि एलिनरचा धारदार. हेन्री म्हणतो त्याप्रमाणे शब्द खरंच बोथट झाला असता, तर एलिनरला त्यानं कापता आलं नसतं.

आता हेन्रीचा ‘मुळात’ हा शब्द जरा तपासू. तोच ज्या न्यायानं दुसऱ्यांचे शब्द तपासतो, त्याच न्यायानं. मुळात ‘नाइस’ टापटिपीचा शब्द नव्हताच. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे: ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. त्यावरून ‘नेस्कियस’, न जाणणारा, अडाणी. याच ‘स्किरे’पासून ‘सायन्स’ आला आणि ‘कॉन्शन्स’ही आला. म्हणजे ‘सायन्स’ आणि ‘नाइस’ ही एकाच धातूची पोरं. एक जाणणाऱ्याचं, दुसरं न जाणणाऱ्याचं. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ या अर्थानं, आणि चॉसरच्या लेखनात तो तसाच भेटतो. पुढं तो नखरेल, लाजरा, लाडावलेला अशा वळणांनी गेला. लाडावलेला माणूस खाण्यापिण्यात नाक मुरडतो, म्हणून चोखंदळ. चोखंदळाला बारीक फरक कळतात, म्हणून सूक्ष्म, काटेकोर. काटेकोर निवडीतून जे हाती येतं ते आवडण्याजोगं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो या ‘छान’पाशी पोचला आणि एकोणिसाव्यात माणसांना लागून ‘मायाळू’ झाला. वाट इतकी सरळ नव्हती. एकाच काळात चार-चार अर्थ शेजारी नांदत होते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये वेळेवर न पोचलेल्या त्या पत्राबद्दल पाद्री लॉरेन्स हाच शब्द वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘क्षुल्लक’ असा होतो. याच सुमारास दुसऱ्या बाजूनं ‘सिली’ हा शब्द घसरत होता. जुन्या इंग्रजीतला तो धन्य, भाग्यवंत असा शब्द. तो खाली येत येत ‘वेडगळ’ झाला. मूर्ख छान झाला आणि भाग्यवान मूर्ख ठरला.

तर शब्दांच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या हेन्रीला या शब्दाचा मूळ अर्थच ठाऊक नाही. ज्या शब्दाच्या पोटात ‘न जाणणारा’ बसला आहे, त्याबद्दल तो जाणत्याच्या थाटात बोलतो. त्यानं ‘बहुधा’ म्हणून पळवाट ठेवली आहे, आणि ती मान्य करायला हवी. ऑस्टेनला हे मूळ माहीत होतं, असा माझा दावा नाही. पण मूळ कळलेला आजचा वाचक हा प्रसंग वाचून गालात हसल्याशिवाय राहणार नाही.

मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये, कारण त्याचा जुळा भाऊ आपल्या घरात आहे. संस्कृतमध्ये ‘मुह्’ धातू आहे, गोंधळणं, भान हरपणं या अर्थाचा. त्यावरून ‘मोह’. त्याच धातूची दोन रूपं, ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’. व्याकरणाच्या दृष्टीनं दोघं सख्खे भाऊ. ‘मूढ’ बिचारा मूर्खच राहिला. ‘मुग्ध’ मात्र भांबावलेला, मग भोळा, मग निरागस आणि शेवटी मनोहर झाला. आज आपण एखाद्या हसण्याला मुग्ध म्हणतो तेव्हा त्यातला मूर्खपणा कुणाच्या डोक्यातही येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात नायिकांचे मुग्धा, मध्या, प्रगल्भा असे प्रकार केले आहेत. त्यातली मुग्धा ही कोवळी, अननुभवी, लाजरी. बाथला आलेली 17 वर्षांची कॅथरीन या वर्णनात चपखल बसते.

न जाणणं आणि गोड वाटणं यांचं हे नातं ऑस्टेननं याच प्रकरणात उघड बोलून दाखवलं आहे. टेकडी चढताना टिल्नी भावंडं चित्रकाराच्या नजरेनं निसर्ग न्याहाळू लागतात. कॅथरीनला त्यातलं काहीच कळत नाही आणि ती ओशाळते. लेखिका इथं मध्येच बोलायला लागते. ओशाळायचं काही कारण नव्हतं, म्हणते, ज्यांना दुसऱ्याचं मन जिंकायचं असेल त्यांनी अडाणीच असावं. जाणत्या माणसाला दुसऱ्याचा अहंकार कुरवाळता येत नाही, आणि बाईमाणसाला काही कळत असलंच तर तिनं ते होता होईल तो झाकून ठेवावं. या बोलण्यातली सुरी कुणाकडे रोखलेली आहे, ते सांगायला नको. अडाणी मुलगी ‘नाइस’ वाटते, पण ते तिच्या गुणामुळं की शिकवणाऱ्याला मिळणाऱ्या सुखामुळं? एका विशेषणाचा सगळा इतिहास या प्रश्नात मावतो.

आणि मग हेन्रीची शिकवणी सुरू होते. पुढचं, मागचं, मधलं अंतर, सावली, उजेड. विद्यार्थिनी इतकी तयार निघते, की टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर ती अख्खं बाथ शहर चित्रात घेण्याच्या लायकीचं नाही म्हणून रद्द करून टाकते. तासाभरापूर्वी सगळ्याला नाइस म्हणणारी मुलगी आता जुन्या अर्थानं नाइस झाली, चोखंदळ. शब्दानं चारशे-पाचशे वर्षांत केलेला प्रवास तिनं एका चढावर उरकला. हा विनोद ऑस्टेननं कुठेही अधोरेखित केलेला नाही. वाटेत ठेवून ती पुढं गेली आहे.

जुना अर्थ तेव्हा मेला नव्हताच. ‘नॉर्दँगर ॲबी’बरोबर एकाच संचात निघालेल्या ‘पर्सुएजन’मध्ये, आणि तेही बाथमध्येच, मिस्टर एलियट चांगल्या संगतीची व्याख्या करतो. तिला कुळ, शिक्षण आणि रीतभात एवढंच लागतं, आणि शिक्षणाच्या बाबतीत ती फारशी नाइस नसते, असं तो म्हणतो. म्हणजे फार चिकित्सा करत नाही. एका संचात दोन्ही अर्थ बांधलेले. त्याच्या दोनच वर्षं आधी, 18 जून 1815 रोजी, वॉटर्लूची लढाई झाली. दुसऱ्या दिवशी ब्रसेल्समध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टननं त्या लढाईला हेच विशेषण लावल्याचं टॉमस क्रीव्हीनं नोंदवून ठेवलं आहे. हजारो प्रेतं मागं ठेवून आलेला सेनापती लढाईला छान कसा म्हणेल? त्याला म्हणायचं होतं, निसटता विजय, केसाएवढ्या अंतरानं हुकलेला पराभव. आजही इंग्रज वकील एखाद्या मुद्द्याला नाइस म्हणतो तेव्हा तो मुद्दा बारीक असतो, गोड असेलच असं नाही.

नव्या अर्थानंही कमी करामती केल्या नाहीत. इंग्रज माणूस खोलीला ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणतो तेव्हा ‘नाइस’ स्वतः काहीच सांगत नाही, ऊब अंगाला कशी सुखाची वाटते तेवढं सांगतो. आपल्या ‘छानपैकी गरम’सारखं. हातातला कप फुटला आणि कुणी नुसतं ‘नाइस’ म्हणालं, तर तो टोमणा असतो. ‘वा, छान!’ आपणही असंच म्हणतो. पण दोन्ही अर्थ एका घोटात हवे असतील तर जॉर्ज ऑर्वेलकडे जावं. 12 जानेवारी 1946 च्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्यानं ‘अ नाइस कप ऑफ टी’ या नावाचा छोटा लेख लिहिला. नाव वाचून वाटतं, चहाबद्दल चार सुखाच्या गोष्टी असतील. आत चहा करायचे 11 नियम आहेत, आणि प्रत्येकावर तो हटून बसला आहे. चहा नव्या अर्थानं नाइस, चहावाला जुन्या.

हा उतारा मराठीत आणायचा ठरवलं तर ‘नाइस’च्या जागी काय ठेवायचं, यावर मी बरेचदा डोकं चालवलं आहे. ‘छान’ ठेवलं तर कॅथरीन बरोबर बोलते, पण छानचा टापटिपीशी काही संबंध नाही आणि बांधणीची कोटी कोसळते. ‘सुबक’ ठेवलं तर बांधणी जमते, पण कुठली 17 वर्षांची मुलगी रहस्यकथेला सुबक म्हणेल? ‘चोख’ मोहात पाडतो. चोख हिशेब, चोख सोनं, चोख बंदोबस्त, आणि त्याच घरातला वाटणारा ‘चोखंदळ’ एलिनरच्या टोमण्याला तयारच आहे. पण ‘जगातलं सगळ्यात चोख पुस्तक’ म्हटलं की लगेच हिशेबाच्या वहीचा वास येतो. ‘नेटकं’ त्यातल्या त्यात जवळचं. तरी तिन्ही पात्रांना पुरेल असा एक शब्द मला सापडलेला नाही. मध्यंतरी इंग्रजी ‘नाइस’च मराठीत राहायला आलं. भाचीच्या फोटोखाली ‘नाइस पिक’ आणि मावशीच्या पुरणपोळीखाली ‘नाइस’. समोरासमोर ‘काय भारी झालीय!’ म्हणणारी माणसंही टाइप करताना ‘नाइस’वर येतात. येताना या शब्दानं आपलं सगळं सामान तिकडेच ठेवलं आणि शेवटचा एक अर्थ तेवढा खिशात घालून आणला. हेन्रीचं भाषण आज मराठीत करायचं तर तोच शब्द जसाच्या तसा चालेल, आणि नेमका एलिनरचा टोला मात्र फुकट जाईल.

प्रकरण इथं संपत नाही. बोलणं राजकारणापर्यंत जातं आणि तिथून, नेहमीप्रमाणे, शांततेत शिरतं. त्या शांततेत कॅथरीन गंभीरपणे म्हणते, की लंडनमध्ये लवकरच काहीतरी अतिशय ‘शॉकिंग’ बाहेर पडणार आहे असं ऐकलंय. आजवर पाहिलं नसेल इतकं भयंकर. खून वगैरे सगळं असणार. एलिनर घाबरते. तिला वाटतं, दंगल. सरकार काय करतं आहे, असं ती विचारायला लागते. हेन्री दोघींना थोडा वेळ झुलवतो आणि मग उलगडा करतो. कॅथरीन बोलते आहे ती एका नव्या कादंबरीबद्दल, तीन छोटे खंड, प्रत्येकी 276 पानं, पहिल्या खंडात दोन थडगी आणि एक कंदील यांचं चित्र. आणि एलिनर पाहते आहे ती 3000 माणसांचा जमाव, बँकेवर हल्ला, रक्तानं भरलेले रस्ते.

थोड्या वेळापूर्वी शब्दांच्या नेमकेपणावर एवढं प्रवचन झालं. आता खरा घोटाळा झाला, तो ‘नाइस’मुळं नव्हे. ‘शॉकिंग’ आणि ‘भयंकर’ हे कॅथरीनच्या तोंडी स्तुतीचे शब्द होते. भुताखेतांच्या कादंबरीला याहून मोठी शाबासकी कुठली? ‘भयंकर सुंदर’, ‘खतरनाक गातो’, ‘जबरदस्त जमलंय’ असं रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. कॅथरीननं तेव्हा चुकीचा शब्द वापरला नव्हता, आपली आवड ती बोलून दाखवत होती एवढंच.

आणि ती कुणाला कळली, हे पाहिलं की या प्रकरणाची वीण दिसते. मघाशी कॅथरीनची बाजू घेणारी, आवडतील त्या शब्दांत स्तुती करू म्हणणारी एलिनर फसली. शब्दाशब्दाला अडवणाऱ्या हेन्रीला मात्र तिचं म्हणणं पहिल्या झटक्यात कळलं. त्याच्याकडे कोश होता म्हणून नव्हे. ‘उडॉल्फो’ दोन दिवसांत संपवताना त्याच्याही अंगावर काटा आला होता म्हणून. ‘नाइसेस्ट’ म्हणजे काय, हेही त्याला मघाशी पक्कं कळलं होतं. न कळण्याचं नुसतं सोंग होतं. स्तुतीच्या विशेषणांचं हे असंच असतं. त्यांच्यात वस्तूची माहिती फार थोडी असते. ज्याला तीच वस्तू आवडते त्याला ती पुरते, इतरांना शंभर नेमके शब्द दिले तरी पुरत नाहीत. कॅथरीननं टेकडीवर चढताना विचारलं होतं ते एवढंच: मला आवडलं ते तुम्हालाही आवडलं ना? त्याचं उत्तर हेन्री आधीच देऊन बसला होता, बहिणीच्या हातातलं पुस्तक घेऊन पळाला तेव्हा.

फुटपाथवरच्या त्या माझ्या प्रतीची शिवण कधीच गेली. चौदावं प्रकरण पुन्हा पुन्हा उघडून नेमक्या त्याच पानांपाशी पुस्तक दुभंगलं आणि आता ते दोन तुकड्यांत, रबरबँड लावून शेल्फावर आहे. मधली चार पानं सुटी आहेत. हेन्रीच्या कसोटीनं हे पुस्तक मुळीच नाइस नाही.